नाव सांगून आत जाणारे नाना

नाना कुणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून ते आधी आपली ओळख सांगत. "मी पैठणच्या शंकरअण्णांचा धाकटा. अण्णा मागावर बसायचे, पैठण्या विणायचे. मला नाना म्हणतात. पोलिसात आहे. येऊ का आत?" फिर्यादीच्या दारात हे ठीक होतं, पण आरोपीच्या दारातही ते असंच बोलत. एकदा एका घरफोडीवाल्याला उचलायला गेलो होतो. नानांची ओळख अण्णांच्या मागापर्यंत पोहोचली, तोवर तो गडी मागच्या भिंतीवरून उडी मारून पसार झाला. हवालदार शेखमामा नाल्यापर्यंत त्याच्यामागे पळाले आणि चिखलाने माखून परत आले. म्हणाले, "साहब, नाव हौर गाव बतानेकू आधा घंटा लगता तुमकू. अगली बार मैं पिछेच खडा रहता." नाना हसून म्हणाले, "मग राहा की. पुढून मी, मागून तुम्ही."

ते आमच्या पथकाचे प्रमुख, पोलीस निरीक्षक. मी त्यांच्या हाताखाली उपनिरीक्षक होते. सुरुवातीला मला हे नाव सांगणं म्हणजे भाबडेपणा वाटे. मी तसं विचारलंही होतं. ते म्हणाले, "वर्दी बघून माणूस दार उघडतो, तोंड उघडत नाय. कुणाचा कोण हे कळलं की दोन्ही उघडतो." आणि ते खरं होतं. मोंढ्यातल्या हमालापासून गुलमंडीवरच्या सराफापर्यंत लोक त्यांच्याशी असे बोलत, जणू नात्यातलाच कुणी आला आहे.

मी मराठी घेऊन एम. ए. केलेलं, आणि जीपमध्येही पिशवीत पुस्तक असे. म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं होतं लायब्ररी. "लायब्ररी मॅडम, आज कुठंवर आलं?" असं विचारत आणि मी सांगू लागले की मध्येच थांबवत. "आधी सांगा, शेवटी मरतं कोण. ते कळलं की बाकीचं निवांत ऐकता येतं." मी म्हणायची, अशाने पुस्तकातली मजाच जाते. ते म्हणत, "तुमची जाती. आमच्या धंद्यात ती आधीच गेलेली असती."

नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं. मी हे हळूहळू लिहिते आहे, कारण पुढचा भाग लिहायला हात धजत नाही.

दौलताबादला पेरूच्या बागेला लागून एका घरात एक विधवा आजी एकट्या राहायच्या. भर दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, त्यांचा खून झाला. अंगावरचं सोनं गेलं होतं. पुढे काही आठवड्यांनी शहरात, जुन्या मोहल्ल्यातल्या एका वयस्कर खालांचा तसाच. तशीच दुपार, दार न फोडलेलं, मागून डोक्यात घाव. दोन्ही ठिकाणी माणूस ओळखीचा असावा असं दिसत होतं, पण दोन्ही घरांना सामाईक असा ओळखीचा माणूस काही सापडेना. शहर पोलिसांतली आणि ग्रामीण पोलिसांतली माणसं घेऊन एक पथक केलं, आणि ते नानांकडे आलं.

त्या दिवसांची आठवण म्हणजे फोनची आठवण. नाना जेवताना मोबाइल ताटाशेजारी उताणा ठेवत. दुपार कलू लागली की आमच्या खोलीत सगळे त्या फोनकडे बघत असत. फोन वाजला की शेखमामा आधी नानांच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग श्वास सोडत. एकदा मी विचारलं, "नाना, तुम्हाला भीती वाटते का?" ते म्हणाले, "दुपारची वाटती. पूर्वी दुपारी मला झोप यायची."

पुढची दुपार येऊ नये म्हणून त्यांनी बैठका घ्यायचं ठरवलं. दौलताबाद, चितेगाव, पैठण, शहरातले मोहल्ले. देवळाचा सभामंडप असो की मशिदीपुढचं पटांगण, एकटी राहणारी म्हातारी माणसं गोळा करायची, माइक लावायचा आणि नाना बोलायचे. सुरुवात अर्थातच शंकरअण्णांपासून. "माझी थोरली बहीण, आक्का, पैठणला एकटीच राहती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला जे सांगितलंय तेच तुम्हाला सांगतो. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाय. आमच्याकडून कुणी चौकशीला आलं तर तो माझं नाव सांगंल. माझं नाव घेईल त्यालाच दार उघडा." लोक माना डोलवत. एक आजी उठून म्हणाल्या, "अन् तूच आलास तर?" नाना म्हणाले, "मग चहा टाका." सगळा मंडप हसला. मीही हसले. खूप दिवसांनी माणसं अशी मोकळी हसताना दिसली होती.

मग तशाच एका दुपारी चितेगावचे काका गेले. कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको नाही, मुलगा पुण्याला. बैठकीत पहिल्या रांगेत बसलेले मला आठवत होते. त्यांच्या ओट्यावर चहाच्या दोन कपबश्या होत्या, एक रिकामी, एक भरलेली. नाना त्या कपांकडे बराच वेळ बघत राहिले. "इतकं सांगून बी यांनी दार का उघडलं?" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. परतीच्या वाटेवर पैठण रस्त्याला टँकरची रांग होती. त्या रांगेत अडकल्यावर त्यांनी आक्कांना फोन लावला. "आक्का, दाराला कडी आहे का? बरं. जेवलीस का? बरं." एवढंच बोलले.

पुढचा फोन पैठणहून आला. आक्कांच्या शेजारणीचा.

आम्ही पोहोचलो तेव्हा आक्कांना शहरातल्या सरकारी दवाखान्यात हलवलं होतं, श्वास चालू होता. नाना आले त्या पावली दवाखान्याकडे वळले. मी आणि शेखमामा पंचनाम्याला थांबलो. स्वयंपाकघरात तव्यावर एक भाकरी करपून काळी झाली होती. ओट्यावर स्टीलचा तीन पुडांचा डबा उघडा होता. एका पुडात मेथीची भाजी, एकात भात भरलेला, भाकरीचा पूड रिकामा. शेखमामा म्हणाले, "अकेली औरत, डब्बा किसकू भर रही थी?" मी पंचनाम्यात डबा नोंदवला. पण आक्कांच्या हातची मेथी नानांना आवडते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

दवाखान्यात आक्का थोडा वेळ शुद्धीवर आल्या. तेव्हा खाटेजवळ फक्त नाना होते. मृत्युपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकाऱ्यांना बोलावणं गेलं होतं, ते पोहोचायच्या आत सगळं संपलं. नाना बाहेर आले, व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "लायब्ररी मॅडम, कागद घ्या. माझा जबाब लिहायचाय."

प्रमुखाने आपल्याच तपासात जबाब दिला की तो साक्षीदार होतो आणि तपास त्याच्या हातून जातो. हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, आज नको, अजून आक्कांना घरी न्यायचंय. ते म्हणाले, "आजच. उद्या माझी हिंमत व्हणार नाय."

आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. आक्का म्हणाल्या होत्या, दारात आलेल्या माणसाने शंकरअण्णांचं नाव घेतलं, नानांचं घेतलं. नानांनी पाठवलंय, ते सकाळपासून उपाशी आहेत, डबा मागितलाय, असं म्हणाला. त्या भाकरी टाकायला चुलीकडे वळल्या, तेव्हा मागून घाव बसला. हे लिहून झाल्यावर नाना म्हणाले, "आता पुढचं लिहा. अनोळखी माणसाने माझं नाव घेतलं तर दार उघडा, असं मीच लोकांना बैठकीत माइकवरून सांगितलं होतं. माझी बहीण पैठणला एकटी राहते, हेही मीच सांगितलं होतं."

शेखमामा माझ्यामागे उभे होते. ते खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "साहब, आक्का आपा गेल्या. तिथं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. डब्ब्याचं लिहा, नावाचं कशाला? पेपरवाले खा जाएँगे तुमकू. नोकरी पर आएगी."

"मामा, ती बी हेच म्हणाली," नाना म्हणाले. "कुणाला सांगू नको, तुला बोल लागंल म्हणाली. तिचं मला शेवटचं बोलणं ते." मी पेन थांबवलं. त्यांनी मान हलवली. "हे नका लिहू. हे माझं आहे. पण ते वरचं लिहा. चितेगावच्या काकांनी दार का उघडलं ते मला आता कळलंय. ते त्यांच्या पोराला बी कळाया पायजे. अन् अजून किती म्हातारी माणसं माझं नाव धरून बसलीत. ती बी दार उघडतील."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. मग आक्कांना घरी न्यायची तयारी बघायला उठले.

त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलली. आम्ही आजवर मेलेल्यांच्या ओळखीची माणसं शोधत होतो. आता प्रश्न एवढाच होता की नानांचं ते बोलणं ऐकलं कुणी. त्या त्या गावचे लोक आपापल्या बैठकीला होते. पण चितेगावचे काका आणि आक्का, दोघांचीही माहिती असलेला, दोन्ही गावांना आलेला कोण? शेखमामा आठवत बसले होते, ते एकदम म्हणाले, "हर जगह हम थे, मॅडम. हौर वो माइकवाला."

माइक आम्हीच भाड्याने घेत होतो, दर वेळी त्याच एकाकडून. दौलताबादच्या आजींकडे पारायणाला माइक त्यानेच लावला होता, खालांच्या घरी नातीच्या लग्नात त्यानेच. बैठकीत नानांच्या हातात माइक देऊन, आवाज नीट येतोय का ते बघत तो कोपऱ्यात उभा असायचा. त्याच्या गोदामात एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात, कापसाच्या आड, आक्कांच्या पाटल्या सापडल्या. त्या ओळखायला नातेवाईक म्हणून नानांनाच बोलवावं लागलं. ते साध्या कपड्यांत आले आणि टेबलावरच्या पाटल्यांना हात न लावता म्हणाले, "तिच्याच." शेजारच्या खोलीत तो माणूस बसवलेला होता. नानांनी त्या दाराकडे एकदा पाहिलं. शेखमामा नकळत दारासमोर जाऊन उभे राहिले. नाना म्हणाले, "नका घाबरू, मामा. मी आत गेलो तर त्याचा वकील खूश व्हईल." आणि जिना उतरून गेले.

त्यांची खात्यात चौकशी लागली. पेपरांनी लिहायचं ते लिहिलं. त्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. त्यांना घाई होती वेगळीच. जिथे जिथे बैठक झाली होती तिथे ते घरोघर पायी फिरले आणि आपला शब्द मागे घेऊन आले. "माझं नाव कुणी बी घेतलं तरी दार उघडू नका. मी स्वतः आलो तरी शेजाऱ्याला हाक मारा." काही म्हाताऱ्या रडत, काही त्यांनाच समजावत. एका आजीने बाहेरच्या बाहेर परत पाठवलं, तर ते खूश होऊन म्हणाले, "शाबास. असंच."

चितेगावला मी त्यांच्याबरोबर होते. काकांचा मुलगा पुणं सोडून गावी परत आला होता. नाना उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "मी पैठणच्या शंकरअण्णांचा..." तेवढ्यात तो म्हणाला, "हेच नाव घेऊन आला होता ना तो?"

"व्हय," नाना म्हणाले.

त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. नाना वळून मला म्हणाले, "बरोबर केलं त्यानं." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी पुस्तकाचं काहीच विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. मीच आपणहून सांगायची, आधी शेवट, मग बाकीचं. ते खिडकीबाहेर बघत ऐकायचे.

निकाल लागला, माइकवाल्याला जन्मठेप झाली. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला, तो त्यांनी मान्य केला. निवृत्त होऊन ते पैठणला आक्कांच्या घरात राहायला गेले आणि तिथेच एका सकाळी झोपेत गेले. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

अंत्यविधीला गोदेच्या काठावर माणूस मावत नव्हता. शहरातून मोहल्ल्यातले लोक आले होते, दौलताबादचे आले होते. शेखमामा टोपी हातात घेऊन एका दगडावर बसले होते, कुणाशी बोलत नव्हते. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. तेव्हा गर्दीच्या कडेला मला चितेगावचा तो मुलगा दिसला. मला पाहून तो जवळ आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "ते नावाचं. साहेबांनी स्वतःहून सांगितलं होतं, का तुम्ही लोकांनी शोधून काढलं?"

"स्वतःहून. त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

"न सांगितलं असतं तर?"

"तर कुणाला कळलं नसतं. आणि तो माणूसही बहुधा सापडला नसता."

तो नदीकडे वळला. मग त्याने बाह्या वर दुमडल्या आणि जिथे चितेची लाकडं उतरवत होते तिथे जाऊन रांगेत उभा राहिला.