बोट बघायचे रविवार

बोट असलेली माणसं समुद्राच्या गोष्टी सांगतात. आमचे किस्से बोट बघायला जाण्याचेच इतके साठलेत की मी कुणाच्या बारशाला गेले तरी बायका आधी विचारतात, "काय गं सुनंदा, बोटीचं नवीन काय?" मी सांगते, त्या हसतात. त्यांचं हसायला काय जातंय? मला पोहता येत नाही आणि आमच्या मिस्टरांच्या छातीत स्टेंट आहे. त्यामुळे यातला प्रत्येक किस्सा घडत होता तेव्हा मी पर्स घट्ट धरून बसले होते. पर्समध्ये त्यांच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या असतात.

*

मिस्टर रिटायर झाले आणि पाठोपाठ अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलमधून आले ते गप्पच होऊन. खांदेश्वरच्या आमच्या बाल्कनीत बसायचे, समोर बघत. जेवता का? हं. खाली चक्कर मारायची का? हं. चिडले असते तरी चाललं असतं मला.

एक दिवस त्यांचे दोन जुने दोस्त भेटायला आले. एक भोईरदादा, बोनकोड्याचे, ऑफिसात यांच्या शेजारच्या टेबलावर जन्म काढलेले. दुसरे सलीमभाई, मूळचे उरणकडचे, पनवेलला फ्रिजच्या स्पेअर पार्टचं दुकान. सलीमभाईंनी सहज मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्यांच्या गावाकडे कुणी सेकंडहँड मोटरबोट विकत होतं. मिस्टरांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि विचारलं, "इंजिन केवढं आहे?"

त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला, की वाक्य काय होतं ते कळायला जरा वेळच लागला.

चहा संपेपर्यंत ठरलंही. तिघांत मिळून एक छोटी मोटरबोट घ्यायची. खाडीतून नदीत वर जाता आलं पाहिजे, आणि हवा बरी असेल तर किनाऱ्या-किनाऱ्यानं समुद्रातही. मिस्टरांचं लहानपण कोकणात खाडीकाठी गेलेलं. माझं गेलं चाळीत, नळाच्या पाण्यावर. माझा चेहरा बघून भोईरदादा म्हणाले, "वहिनी, पानी हाय ते, वाघ नाय."

"वाघ निदान दिसतो तरी," मी म्हटलं. मग अट घातली. प्रत्येक बोट बघायला मी येणार, आणि मी पास केली तरच घ्यायची. तिघांनी लगेच मान डोलावली. त्यांना वाटलं, बाईमाणूस, एकदोन बोटींत कंटाळेल.

*

पहिली बोट जासईच्या पुढे एका अंगणात ताडपत्रीखाली होती. फायबरची. विकणारा म्हणाला, एकदम फॅमिली बोट आहे. मला बोटीतलं काही कळत नाही, पण नारळ कळतो. मी आत उतरले आणि वाकून तळ ठोकत सुटले. टक, टक, टक. सगळीकडे छान वाजत होतं. इंजिनाजवळ गेले तर आवाज आला, भद्द.

विकणारा घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, तिथे नका ठोकू."

त्या दिवसापासून बोट बघायला गेलो की तिघंही आधी ठोकतात.

*

मग साइजवरून वाद. लहान बोट नदीत बरी, पण समुद्राची लाट आली तर खेळण्यासारखी उडेल. मोठी घेतली तर नदीच्या उथळ पाण्यात टेकेल. सलीमभाई म्हणाले, कागदावर काही कळत नाही, आखून बघू. सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी खडूनं बोट आखली आणि आम्ही चौघं त्यात ओळीनं बसलो. समोर पाण्याची टाकी.

तेवढ्यात शेजारच्या देशमुखवहिनी वाळत घातलेले पापड उचलायला आल्या. आमच्याकडे बघून जागच्या जागी थांबल्या. भोईरदादांचा फोन वाजला म्हणून ते उठून उभे राहिले, तर मिस्टर ओरडले, "अरे बस खाली, कलंडेल!"

देशमुखवहिनी हसून हसून खाली बसल्या. मी मात्र खरोखर दोन्ही हातांनी फरशी धरली होती. चौथ्या मजल्याची.

*

पार्किंगवर माझी मोठी भिस्त होती. आमचे सेक्रेटरी फार कडक माणूस. कुणी सायकल वाकडी लावली तरी नोटीस काढतात. मी आदल्या दिवशी त्यांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, बोटीचा विषय आला तर सरळ नाही म्हणा, माझं नाव घेऊ नका. ते म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरींनी नियम काढले. "आपल्याकडे फक्त टू-व्हीलर आणि फोर-व्हीलरची सोय आहे. बोटीची नाही." मी मनातल्या मनात त्यांना दुवा दिला.

मिस्टर उठले. "बोट ट्रॉलीवर असते."

"ट्रॉलीला चाकं किती?"

"दोन."

सेक्रेटरींनी नियम पुन्हा वाचले, माझ्याकडे नाइलाजानं बघितलं आणि म्हणाले, "मग टू-व्हीलरच्या लाइनीत लावा."

*

एक पत्र्याची, सपाट तळाची बोट होती. नदीसाठी बेस्ट म्हणे. तिची ट्रायल पनवेलच्या खाडीत घ्यायची ठरली. वेळ भोईरदादांनी काढली, कारण भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ. निघालो, थोडं पुढे गेलो, आणि पाणी आमच्याखालून निघून गेलं. बोट चिखलात. उतरावं तर माणूस कमरेपर्यंत आत जाईल. पाणी परत येईपर्यंत बसून राहणं आलं.

मिस्टर आडवे होऊन चक्क झोपले. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. वर जातेय, खाली येतेय. उन्हात अंग भाजत होतं आणि मी पर्स पोटाशी धरली होती. यांना इथे काही झालं तर कुठली अँब्युलन्स चिखलात येणार?

भोईरदादांनी डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे केली. "वहिनी, उगाच घाबरता. चिखलात रुतलेली बोट कदी बुडत नाय. हीच सगल्यात सेफ."

तीही नापास.

*

बेलापूरला एका दुकानात इंजिन बघायला गेलो. दुकानदार तरुण, टाय लावलेला. मी विचारलं, "मधेच बंद पडलं तर?"

"वल्हं असतं ना, मॅडम."

"वल्हं मोडलं तर?"

"दुसरं वल्हं ठेवायचं."

"तेही वाहून गेलं तर?"

"मग मोबाईल."

"रेंज नसेल तर?"

"शिट्टी येते लाइफ जॅकेटला."

"आसपास कुणीच नसेल तर?"

तो स्टुलावर बसला आणि पोऱ्याला म्हणाला, "पाणी आण रे. मला."

मिस्टर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. माझा हात पर्समध्ये गेला होता. मग कळलं, हा माणूस नुसता हसतोय. आजारपणानंतर पहिल्यांदा. मला तिथेच रडू फुटलं, आणि दुकानदाराला वाटलं, इंजिन नापास झालं म्हणून. घरी येताना गाडीत बसल्याबसल्या ते विचारत होते, "पुढच्या रविवारी कुठली आहे?"

*

आणि ही शेवटची.

रेवसकडच्या एका माणसाची बोट. फायबरचीच, पण पुढून उंच, तळ फार खोल नाही, बाजूला धरायला जाड स्टीलचा दांडा. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून मनगटाला दोरी. खाडीतून बाहेर निघालो, लाटा लागल्या, बोट नुसती डुलली. मी ठोकून बघितलं, टक टक. जे जे विचारायचं ते सगळं विचारलं. प्रत्येकाचं उत्तर होतं, आणि उत्तर खरं होतं.

मी घरून ठरवूनच आले होते. आता अडवायचं नाही. माणूस नीट जेवतोय, सकाळी चालायला जातोय, अंघोळ करताना गुणगुणतोय. पाण्याची भीती माझी आहे, ती मी गिळीन. यांना परत त्या बाल्कनीत गप्प बसलेलं बघणं मला झेपणार नाही.

धक्क्याला लागलो. भोईरदादा आणि सलीमभाई उड्या मारून वर गेले. बोटवाला दोर बांधत उभा राहिला. सलीमभाईंनी वरून विचारलं, "भाभी, आता बोला. पास ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मिस्टर माझ्या जॅकेटचा पट्टा सोडवत होते. मान खाली घालून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "अगं, काढ की काहीतरी खोट."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पट्ट्याशीच झटत होते.

"भाभी?" सलीमभाईंनी पुन्हा विचारलं.

"बोट चांगली आहे हो," मी म्हटलं, "पण मला रंग नाही आवडला."