उलटे टाकलेले बोंबील

हे मी कुणाला बोललो नाही. जिला सांगायचं होतं ती माझी बायको, हिरू, गेल्या पावसाळ्यात गेली. मग आता सांगून काय? तरी सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंय. ओळखीच्या माणसावर माझा कधी विश्वास बसला नाही — सगळं तिथूनच सुरू झालं.

लोकांना मी सांगत आलो की तारोडीची मासळी आटली. इंजिनाच्या होड्या आल्या, आमच्या शिडाच्या होडीला काय मिळणार — म्हणून होडीतला वाटा भावाला दिला अन् मुरबाडकडं शेत घेतलं. साठ सालानंतरची ही गोष्ट. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरूनंही. खोटं होतं. त्या वर्षी बोंबील होडीत मावत नव्हता.

बोंबील कसा वाळवतात, बघितलंय कधी? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा अन् जोडी दोरीवर टाकायची — एक इकडं, एक तिकडं. जोडीतला मोठा मासा हिरू नेहमी घराच्या बाजूला सोडायची. हाताची सवय. शंभर दोऱ्यांत मी तिची दोरी ओळखली असती. एक दिवस होडीवरून आलो, तर आमच्या वलांडीवर, बांबूच्या त्या मांडवावर, सगळे मोठे मासे समुद्राकडं. दुसऱ्या दिवशी तसंच. आठ दिवस तसंच.

डाव्या हातानं टाकली तरच जोडी अशी उलटी पडते. अन् आमच्या आळीत डावखुरा एकच — शेजारचा मोरेश्वर. त्याची होडी फुटली होती, तो किनाऱ्यावर बसून होता. बायांना त्या दिवसांत स्वतःचंच काम उरकत नव्हतं. मग माझ्या दोरीवर हात कुणाचा? विचारायला काय झालं होतं? एक शब्द! नाही विचारलं. नवव्या दिवसापासून भिंतीआड उभा राहिलो, दिवसाउजेडी, चोरासारखा. काही दिसलं नाही — तर वाटलं, हुशार आहेत दोघं. मोरेश्वरनं रामराम केला तरी त्यात मला हसू दिसायचं.

बास. तेवढ्यावर मी तिला समुद्रापासून तोडलं. भाईंदरच्या बाजारात जिची हाक पार कोपऱ्यापर्यंत जायची, गिऱ्हाईक जिच्याशी घासाघीस करायला घाबरायचं, तिला नेऊन चिखलात उभं केलं. तिथं ती कुणाशी भांडणार, कुणाशी हसणार? आम्हाला लेकरूही नव्हतं.

पहिल्याच वर्षी मोरेश्वर आला. एसटी थांब्यापासून चालत, डोक्यावर सुक्या बोंबलाचं बोचकं. "वैनी कुठं हाय?" मी बांधावरच अडवला. म्हणालो, तिला तारोडीच्या कुणाचं तोंड बघायचं नाही. तो बोचकं ठेवून गेला. मी ते ओढ्यात टाकलं. संध्याकाळी हिरू म्हणाली, "गावचं कुनी फिरकत न्हाय." मी म्हणालो, विसरले असतील.

पुढच्या वर्षी लावणीच्या दिवसांत गवत कापताना इळा तिच्या उजव्या हाताला लागला. फडकं बांधून ती डाव्या हातानं रोपं लावायला लागली. भराभरा, सरळ ओळीत. मी विचारलं, डावा हात कधी शिकलीस?

ती हसली. "तारोडीला शिंगाला माशाचा काटा घुसला व्हता ना उजव्या हातात! आठ दिस डाव्यानंच बोंबील टाकले, सगले उलटे. तुमाला सांगितलं असतं तर मला घरात बसवलं असतं. पन तुमचं माज्या कामाकडं ध्यान कदी असतंय? तुमाला काय कललंच न्हाय."

न्हाय कललं, म्हणालो मी. अन् खाली वाकून रोपं लावत राहिलो.

तेव्हा परतता आलं असतं. भावानं होडीतली माझी जागा तशीच ठेवली होती. पण परत गेलो असतो तर मोरेश्वरनं हिरूला पहिल्या दिवशीच त्या बोचक्याचं विचारलं असतं. म्हणून जन्मभर मी म्हणत राहिलो — मासळी आटली. हिरूही शेजारणींना तेच सांगायची. माझं खोटं तिच्या तोंडून ऐकायचो, अन् तिच्याच हातचं जेवायचो.

ती गेली तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, तारोडीला कुणाला पाठवू का? सकाळची एसटी होती. संध्याकाळच्या आत माणसं आली असती. मोरेश्वर आला असता.

मी म्हणालो, तिकडं आमचं कुणी नाही.

हिरूला परक्या गावच्या चौघांनी नेलं.