ठोकळ्यांचा माणूस चालवायचा होता

कर्जतच्या बाजारपेठेत एक फोटोवाला होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की तो कॅमेऱ्यातून बघायचा, पुढे यायचा, त्याला नीट सरळ करायचा आणि परत मागे जायचा. मामलेदारसाहेबांची हनुवटीसुद्धा त्याने दोन बोटांनी उचलली होती.

माझ्या मुलीला तिच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा माणूस पडद्यावर चालताना बघायचा होता. त्यासाठी कुठला कॅमेरा घ्यावा, हे विचारायला मी त्याच्याकडे गेलो. त्याने चलचित्राचे दोन कॅमेरे काढले आणि स्वतःच परत ठेवले. “यांचं काम नाय. एका दाबाला एकच चित्र घेनारा पायजे.” मग त्याने कपाटातून लग्नांच्या फिल्मचा आपला लाडका कॅमेरा काढला. “हा घ्या. पन चालवनार मी.”

रीळ एकच मिळालं होतं. दर चित्राआधी मी माणसाला तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकवायचो. फोटोवाला भिंगातून बघायचा, पुढे यायचा, धूळ झटकल्यासारखं काहीतरी करायचा आणि मगच बटण दाबायचा. रीळ संपायला चार रविवार लागले. त्याच्या शिस्तीवर मी इतका खूश होतो, की माणूस कुठवर पोचला हे बघितलंच नाही.

रीळ मुंबईहून धुऊन आलं. स्टुडिओच्या भिंतीवर ठोकळ्यांचा माणूस शेवटपर्यंत उभा होता, अगदी मधोमध, थेट आमच्याकडे बघत. मी सरकवलेला माणूस या गृहस्थाने दर वेळी सरळ करून जागेवर आणला होता.

“काका, हा चालत का नाही?” मुलीने रडवेल्या आवाजात विचारलं.

“चालंल गं,” भिंतीवरची नजर न काढता तो म्हणाला. “आधी नीट उभा तर राहू दे.”