बटनवालं हॉटेल

मी कॉलेजात जाईपर्यंत आमच्या घरात हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याची जागा. हॉटेलात लोक झोपतात आणि त्याचे पैसे देतात, हे वडिलांना सांगूनही पटायचं नाही. "झोपाचे पैसे? घरी काय उभे राहून रात्र काढतो का आपण?" असं ते विचारायचे.

वडिलांचं नागपूरच्या लकडगंजात इमारती लाकडाचं दुकान होतं. त्यांच्या मते माणसानं प्रवासाला जावं ते नातेवाइकांकडे, नातेवाईक नसतील तिथं धर्मशाळेत, आणि धर्मशाळेत जायचं तर स्टोव्ह, पातेली, पोळपाट-लाटणं, तांदूळ, डाळ आणि तिखटाचा डबा घेऊन. 'आधी शिदोरी मग जेजुरी' ही म्हण ते उठता-बसता ऐकवायचे. जेजुरीला आम्ही कधी गेलो नाही, पण आमची शिदोरी रामटेकपासून ओंकारेश्वरापर्यंत सगळीकडे हिंडून आली. तिच्यासोबत अर्थातच आईही. इतरांना तीर्थक्षेत्रातली देवळं आठवतात. आईला कोणत्या धर्मशाळेचा नळ लांब होता आणि कुठे वाऱ्यानं स्टोव्ह टिकत नव्हता, ते आठवायचं. माहेरी उमरेडला गेली तरी एसटीतून उतरून पाय धुतले की ती थेट चुलीपाशी, कारण भावजयीला तेवढाच आराम.

अशा घरात सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात काठमांडू शिरलं, ते काकामुळे. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचा. पोळ्याला आणि दिवाळीला पत्ते कुटायला बसला की जेवायला उठवावं लागायचं. त्याला एकाएकी पशुपतिनाथाची ओढ लागली. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या महादेवाला जो शिवरात्रीलाही गेला नव्हता, तो डोळे मिटून म्हणाला, "दादा, एक डाव पशुपतिनाथाचं दर्शन झालं पाहिजे म्हणून राहिलो मी."

काकूनं दोन दिवसांत छडा लावला. शेजारचे कापडवाले नुकतेच तिकडून घडीची छत्री आणि परदेशी थर्मास घेऊन आले होते. त्यांच्याकडून कळलं की काठमांडूत कसिनो आहे. तिथं हिंदुस्थानातली माणसं राजरोस जुगार खेळतात, आणि पोलीस आलेच तर नमस्कार करतात. काकूची पंचाईत झाली. देवाला जाऊ नका म्हणणं तिच्या तोंडून निघेना. शेवटी तिनं मधला मार्ग काढला. जायचं, पण हॉटेल कसिनोपासून गावाच्या दुसऱ्या टोकाला पाहिजे.

"देवाले जाऊन राहिले न, मंग देवापाशी राहा. जुगाराच्या दाराशी काहून?"

"अवं, मी तिकडे ढुंकून नाही पाहत," काका म्हणाला. "पण तिकडची हवा चांगली हाये म्हणतात."

मग रोज संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकायच्या, कापडवाल्यांना बोलवायचं आणि आयुष्यात न पाहिलेल्या गावातलं हॉटेल ठरवायचं, असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. कापडवाल्यांनी तीन जागा सांगितल्या. पहिली देवळाजवळची धर्मशाळा. दुसरा बाजारातला एक लॉज, पण त्याच्या जिन्यात म्हणे शेळी बांधलेली असते. तिसरं बऱ्यापैकी हॉटेल, कसिनोच्या जवळ. तिथल्या पाहुण्यांना कसिनोची मोटार फुकटात घेऊन जाते आणि फुकटात आणून सोडते. 'फुकट' हा शब्द ऐकून वडिलांनी मान वर केली. काकानं ते बरोबर हेरलं.

"दादा, ते मोटार देवळाच्या रस्त्यानंच जाते म्हणतात."

"उलटी जाते," काकू म्हणाली. ती रस्ता पाहून आलेली नव्हती, पण नवऱ्याला ओळखून होती.

वडिलांचा प्रश्न वेगळाच होता. कोणत्या हॉटेलात खोलीत स्टोव्ह पेटवू देतात? धर्मशाळेत देतात, लॉजमध्ये शेळी असेपर्यंत कोणी काही म्हणणार नाही, आणि तिसऱ्या हॉटेलात देत नाहीत. म्हणून वडील धर्मशाळेकडे, काकू धर्मशाळेकडे, काका एकटा हॉटेलाकडे. आईला कोणी विचारलं नाही. ती आत स्वयंपाक करत होती.

धर्मशाळा ठरल्यातच जमा होती, पण वडिलांमधला लाकूडवाला आडवा आला. कोणी कितीही वाखाणलं तरी दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय आणि बोटांनी ठोकल्याशिवाय त्यांनी कधी ओंडका घेतला नव्हता. धंद्याचा हा नियम ते आंब्यापासून जावयापर्यंत सगळीकडे लावायचे. काठमांडू तर ठोकता येत नव्हतं. मग नाकारायच्या आधी हॉटेल म्हणजे काय चीज असते त्याचा नमुना तरी पाहावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. एका रविवारी ते आई, काका, काकू आणि मला घेऊन स्टेशनजवळच्या एका बऱ्या लॉजमध्ये गेले. मॅनेजरला म्हणाले, "एक खोली दाखवा. घ्यायची नाही, फक्त पाहायची हाये." एवढी माणसं नुसती बघायला आलेली पाहून मॅनेजर इतका गोंधळला की त्यानं किल्ली देऊन टाकली.

खोलीत वडिलांनी पलंग ठोकला. "सागवान म्हणून आंब्याचं लाकूड गळ्यात मारलं याले." दार ठोकलं, खिडकी ठोकली, टेबल उलटं करून पाहिलं. काका गादीवर बसून उसळून पाहत होता आणि काकू मोरीत पाणी येतं का ते बघत होती. आई भिंतीपाशी उभी होती. पलंगाच्या उशाला एक काळं बटन होतं.

"हे कायचं वं?" तिनं मला विचारलं.

"घंटीचं. दाबलं की माणूस येतो."

"दाबलं का माणूस येते?"

माझ्यावर विश्वास नसेल तर दाबून पाहा, असं मी म्हणायच्या आत तिनं दाबलं. खांद्यावर पंचा टाकलेला एक पोक्त गृहस्थ आला आणि म्हणाला, "बोला बाई, काय आणू?"

आई घाबरली. "काही नाही. असंच पाहून राहिली होती."

तो गृहस्थही इरसाल नागपुरी होता. बोलावल्यावर रिकामं परत जाणं त्याला बरं वाटलं नसावं. "चहा आणतो," म्हणून गेला आणि खरंच घेऊन आला. आई पलंगाच्या कडेवर बसली. आमच्या घरी चहा सगळ्यांचा झाल्यावर ती गाळणीतला उरलासुरला ओट्याशी उभ्यानं प्यायची. तो चहा मात्र तिनं बशीत ओतून, बसून, सावकाश प्याला. वडील तोवर आरशाची चौकट ठोकत होते.

त्या संध्याकाळी अंगणात वडिलांनी निकाल दिला. "ठरलं मंग. धर्मशाळा."

आई भाकरी टाकायची सोडून पिठाच्या हातांनीच दारात आली. "मंग मी नाही येत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आई अंगणातल्या चर्चेत बोलते हेच नवीन होतं.

"काहून वं?" वडील म्हणाले.

"स्टोव्ह पेटवाले काठमांडूले कायले जायाचं? घरी पेटवतोच न मी. पशुपतिनाथाले माझा इथूनच नमस्कार सांगा. मी आली तं भिंतीले बटन असंन तिथं राहीन."

वडिलांचा त्यावरचा प्रश्न मी जन्मभर विसरणार नाही. अगदी काळजीनं ते म्हणाले, "अवं, तू नाही आली तं तिथं सैपाक कोण करीन?"

मला हसू आलं आणि संतापही आला. काका मात्र भलताच उजळला. "वहिनी, त्या तिसऱ्या हॉटेलात बटन हाये," त्यानं ठोकून दिलं. कापडवाल्यांनी आठवून सांगितलं की आहे, उशालाच आहे. काकूनं आईकडे पाहिलं. दोघी जावा इतकी वर्षं एकाच चुलीशी भाजत होत्या. कसिनोचं संकट दाराशी दिसत असूनही काकू म्हणाली, "जाऊबाईले बटन पाहिजे तं बटनच. या माणसाले मी पाहून घेईन."

अशा रीतीनं आमचं कुटुंब कसिनोजवळच्या हॉटेलाच्या बाजूनं वळलं. वडील हरले, पण गप्प बसले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गाड्या बदलत नेपाळच्या सीमेवरचं रक्सौल गाठेपर्यंत आमच्या होल्डॉलला रॉकेलचा वास येत होता, आणि वडील तो प्रत्येक वेळी समोरच्या प्रवाशावर ढकलत होते.

काठमांडूला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हॉटेल छान होतं. खिडकीतून डोंगर, पलंगावर पांढऱ्या चादरी, आणि उशाशी पितळी कडेचं बटन. आईनं ते लगेच दाबलं नाही, पदरानं पुसून ठेवलं. "सकाळच्या चहाले दाबीन," म्हणाली. खाली कसिनोची मोटार उभीच होती. ढुंकून न पाहणारा काका तिच्यात पहिला जाऊन बसला, आणि त्याला पाहून घ्यायला काकू त्याच्या मांडीला मांडी लावून. आम्ही बरोबरच्या दशम्या खाऊन झोपलो.

पहाटे अंधारातच आमच्या आंघोळी झाल्या. आमच्याकडे उजाडायच्या आत आंघोळ होत नाही तो माणूस आजारी समजतात. वडील कपाळाला भस्म लावून खुर्चीत बसले. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, पलंगावर टेकली आणि बटन दाबलं. खाली कुठंतरी घंटी वाजलेली स्पष्ट ऐकू आली. कोणी आलं नाही. ती थांबली. पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ. कोणी नाही. वडिलांनी येऊन बटनाच्या आजूबाजूची भिंत ठोकून पाहिली.

मी खाली गेले. मॅनेजर काउंटरमागे मफलर गुंडाळून घोरत होता. हलवल्यावर एक डोळा उघडून म्हणाला, "बहनजी, अभी तो सब लोग कसीनो से लौटकर सोये हैं. चाय दिन चढ़ने के बाद." वर येताना पाहिलं, तर काका-काकूच्या दाराबाहेर काकाच्या बुटांशेजारी काकूच्या चपला पडल्या होत्या. नजर ठेवायला गेलेली काकू आतून नवऱ्याच्या वरताण घोरत होती.

महिनाभर आम्ही तिन्ही जागांचं पाणी, जिना, अंतर, हवा, शेळी सगळ्याची चौकशी केली होती. हे हॉटेल उठतं किती वाजता, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. सगळं जग पहाटे उठतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी वर येऊन सांगितलं. वडिलांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. ते उठले, होल्डॉल सोडला, गोधडीतून स्टोव्ह काढला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आईच्या पायाशी आणून ठेवला. मागून तिखटा-मिठासकट साखर, चहा आणि दुधाच्या पावडरीचे डबे.

आईनं स्टोव्हकडे पाहिलं. तिचा हात जरा पुढे झाला, हे मी पाहिलं. एवढ्या लांब येऊनही हेच. मग तिनं पाय वर घेतले आणि पलंगावर मांडी घातली.

"बाहेर कुठं टपरी उघडली असंन तं पाहतो," वडील जरा नरमले.

"टपरीचा नको. मले बटनाचाच पाहिजे."

"मी करते," म्हणत मी उठायला लागले.

"तू बस," आई म्हणाली. "तूबी पाव्हणीच हायेस इथं."

मी बसले. मला तिची भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता. वडिलांना चहाशिवाय सकाळी धड दिसतही नसे. थोडा वेळ ते येरझारा घालत राहिले आणि मग स्टोव्हसमोर उकिडवे बसले. सगळ्या लकडगंजात ज्यांचा शब्द खाली पडत नसे, त्या माणसाला पिन कुठं घालायची ते माहीत नव्हतं. त्यांनी पंप इतका मारला की ज्वाळा पडद्याकडे झेपावली. पडदा मी ओढून धरला, तेवढी मदत आईनं चालू दिली.

"साखर कोणत्या डब्यात हाये वं?"

"मले का मालूम? मी पाव्हणी हावो."

त्यांनी आधी तिखटाचा डबा उघडला, शिंकले, मग मिठाचा, मग साखरेचा. पावडरीच्या गुठळ्या झाल्या. चहा उतू गेला, उरला तेवढा धोतराच्या सोग्यानं भांडं धरून ग्लासात ओतला, आणि ग्लास पुसून ते पलंगापाशी येऊन उभे राहिले. जळका, गुठळ्यांचा, रॉकेलच्या वासाचा तो चहा आई पाठ टेकून, घाई न करता, तळापर्यंत प्याली. कसा झाला हे विचारायची वडिलांची हिंमत झाली नाही. ते स्टोव्ह विझवून आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

आईनं रिकामा ग्लास खिडकीत ठेवला. मग हात लांब करून पुन्हा बटन दाबलं.

खाली घंटी वाजली.

"आलो," वडील म्हणाले आणि उठले.