परात, समुद्र आणि आमचे भावी रब्बाय

आमचा मुलगा एझ्रा रब्बाय होणार हे नक्की झालं, म्हणून मी घरातली नवी भांडी समुद्रात बुडवून आलो.

या दोन गोष्टींचा संबंध काय, हे मला इथे सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरच्या पार्क ऑफिसरनेही विचारलं होतं. त्याला नीट सांगता आलं नाही, तुम्हाला सांगतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. (बेडोकला आमच्या ब्लॉकमधली निम्मी मराठी मंडळी मला अजून ख्रिश्चन समजून नाताळच्या शुभेच्छा देतात. मी घेतो. शुभेच्छा कशाला परत करायच्या?) रब्बाय म्हणजे आमचा धर्मगुरू. आमच्या घराण्यात घाण्यावर तेल काढणारे झाले, फौजेत सुभेदार झाले, रेल्वेत कारकून झाले आणि शेवटी रॅफल्स प्लेसच्या बँकेत अकाउंटंट म्हणून मी झालो. रब्बाय मात्र एकही नाही. त्यामुळे एझ्रा वर्षभरासाठी जेरुसलेमला शिकायला गेला, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते.

लिफ्टमध्ये कोणी "कसे आहात?" विचारलं, तरी मी "एझ्रा मजेत आहे" असं उत्तर द्यायचो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पुढच्या वर्षाचं काय ठरवलंय असं विचारलं, तर मी एझ्राच्या पुढच्या वर्षाचं सांगून मोकळा झालो. साहेब बिचारे शांतपणे ऐकत राहिले. त्यांना बजेट हवं होतं.

आणि मग ठाण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. तिच्या ओळखीतला एक मुलगा असाच वर्षभर शिकून घरी आला होता. आल्या आल्या त्याने आईच्या स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि महिनाभर कागदी ताटलीत, स्वतः आणलेलं डब्यातलं खाल्लं. बहिणीने हे अगदी रंगवून सांगितलं आणि फोन ठेवला. माझी बायको सलोमी मटकन खुर्चीत बसली.

आमच्याकडे कोशर पाळतात. म्हणजे यहुदी नियमांप्रमाणे मांस वेगळं, दूध वेगळं, सगळं पाळतो. पण कोकणी पद्धतीने, फार चौकश्या न करता पाळतो. सलोमीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, वर्षभर मी त्याच्या पानात काय वाढायचं ते ठरवतेय," ती म्हणाली. "माझ्या हातचंच खाणार नाही म्हणजे काय?"

आता बायको रडत असताना गप्प बसणारा नवरा मी नव्हे. (गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.) मी तिथल्या तिथे जाहीर केलं की सगळी भांडी नवी घ्यायची. लिटल इंडियातून पातेली, डाव, चमचे, मलिद्यासाठी मोठी स्टीलची परात, सगळं आणलं. मलिदा म्हणजे आमचा नवसाचा गोड पोह्यांचा प्रसाद. आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याचं नाव घेऊन, ओलं खोबरं आणि फळं घालून करतात. एझ्रा सुखरूप परत आला की मलिदा करायचा, असं सलोमी कधीचं बोलली होती.

पण आमच्यात नवी भांडी तशीच वापरायची नसतात. ती आधी निसर्गाच्या पाण्यात पूर्ण बुडवून घ्यावी लागतात. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, त्याची सोय असते. तिथे गेलो असतो तर कोणीही दोन मिनिटांत दाखवलं असतं. पण भावी रब्बायच्या बापाने भांडी कशी बुडवायची हे लोकांना विचारायचं? छे! मी एक व्हिडिओ बघितला. अर्धाच बघितला, पण समुद्र चालतो एवढं त्यात कळलं.

वरच्या मजल्यावरचे कांबळे माझे जिवलग मित्र. नागपूरचे, इंजिनियर, पक्के बौद्ध आणि गाडीवाले. त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "धर्म तुमचा, डिकी माझी." रविवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला पोचलो, तर तिथे सायकलवाले, पळणारे, कुत्री फिरवणारे, अशी सगळी जत्रा! मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, परातीत भांडी भरली आणि पाण्यात शिरलो.

व्हिडिओत एक गोष्ट बजावून सांगितली होती. पाणी सगळीकडून लागलं पाहिजे, म्हणून भांडं हातात गच्च धरायचं नाही. मी नियमाचा पक्का! बरोब्बर लाट आली तेव्हाच हात सैल सोडला. चमचे आणि डाव तळाला गेले, पातेली कलंडली आणि रिकामी झालेली परात मोठ्या दिमाखात सिंगापूरच्या बाहेर निघाली. कांबळे बूट घालूनच पाण्यात धावले. मी तिच्या मागे गळ्यापर्यंत गेलो आणि मग आठवलं की मला पोहता येत नाही. परातीचा नाद सोडून कांबळ्यांनी मला धरलं.

काठावर गर्दी जमली. एका मराठी गृहस्थांनी, "विसर्जन का? पण आत्ता कुठले गणपती?" अशी आस्थेने चौकशी केली. तेवढ्यात पार्क ऑफिसर आला. समुद्रात काय टाकताय, असं त्याने विचारलं. कांबळ्यांनी मोठ्या धीराने सांगितलं की यांचा मुलगा धर्मगुरू होतोय, म्हणून हे भांडी धुतायत. यावर त्या ऑफिसरने घरी नळाला पाणी नाही का, असं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

मला वाटलं, एझ्राचा फोटो बघितला की त्याला पटेल. म्हणून मी अभिमानाने खिशातून फोन काढला. त्यातून आधी पाणी आलं. फोटो शेवटपर्यंत आलाच नाही. ऑफिसरने बहुधा माझी दया येऊन मुलाचं अभिनंदन केलं आणि एकूण एक चमचा बाहेर काढल्याशिवाय हलायचं नाही अशी ताकीद दिली. मग व्यायामाला आलेल्या चार-पाच चिनी आँटीसुद्धा पायांनी वाळू चाचपत चमचे शोधू लागल्या. परात एका कयाक वल्हवणाऱ्या बाईंनी मांडीवर घेऊन परत आणून दिली. मी तिथेच त्यांनाही एझ्राबद्दल सांगून घेतलं.

गुरुवारी एझ्रा आला. दाढी, टोपी, शर्टाखालून लोंबणारे धार्मिक गोंडे. विमानतळावर माझा ऊर भरून आला आणि मला धडकीही भरली.  घरी सलोमीने परातीत मलिदा सजवून ठेवला होता. कांबळेही आले होते. एझ्रा हात धुऊन आला, त्याने परातीकडे बघितलं आणि ती जराशी उचलून, वाकून तिचा तळ निरखू लागला. मग त्याने हळूच मान वर केली.

"पप्पा, ही बुडवलीत ना? पण खाली दुकानाचा स्टिकर तसाच आहे. त्याच्याखाली पाणी पोचलंच नाही. हे चालत नाही."

(व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग याच विषयावर होता, असं नंतर कळलं.) मी कांबळ्यांकडे बघितलं, कांबळे छताकडे बघू लागले. सलोमीचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षभर वाट पाहिली, ती या घासासाठी. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

एझ्रा मात्र हसला. आणि जन्मभर आमच्याशी सिंगापुरी इंग्रजीत 'कॅन लाह, नो नीड लाह' करणारा हा मुलगा चक्क आमच्या अलिबागकडच्या हेलात म्हणाला, "आई, अगं परात चुकली, मलिद्याने काय घोडं मारलंय? केळीचं पान आहे ना घरात? त्यावर काढ. मला भूक लागलीय."

मलिदा पानावर आला. त्याने बराखा म्हटली, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, आणि खाल्ला. पुन्हा मागून घेतला. पान पुसून खाल्ला. सलोमी पदराने डोळे पुसत वाढत होती. ही मराठी कुठून आणलीस, असं विचारलं तर म्हणाला, प्रत्येक शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तिथल्या लोद गावी आईच्या मावशीकडे असायचो. तिथे सगळ्या म्हाताऱ्या मराठीतच भांडतात. त्यांनीच मलिदाही शिकवला. आम्ही पोराला इस्राएलला पाठवलं आणि तो तिथून कोकण घेऊन आला!

पुढचं त्याने जेवता जेवता सांगितलं. अजून तीन वर्षं शिक्षण, आणि मग तो कोकणात जाणार. आपल्या गावांतल्या सिनेगॉगमध्ये सणाला प्रार्थना चालवायला माणूस मिळत नाही, म्हणाला, मी जाईन. मी ज्या गावाहून धडपडत सिंगापूरला आलो, तिथे माझा मुलगा रब्बाय होऊन जाणार.  मी पाणी प्यायलो आणि मिरची लागली असं सांगितलं. (मलिद्यात मिरची नसते.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी साहेबांपासून सिक्युरिटीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की आमच्या एझ्राने रब्बाय होण्याआधीच पहिला धार्मिक निकाल दिला, आणि तोही अगदी बिनचूक. निकाल कोणाच्या विरुद्ध लागला, हे अजून कोणी विचारलेलं नाही, आणि माझीही सांगायची घाई नाही.