जुडग्यातल्या सतरा चाव्या

घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरला तिच्या गाडीने वर्षभर नाकी नऊ आणले होते. चांगली धावणारी गाडी खड्ड्यात आदळली की भर रस्त्यात गप्प. पुन्हा सुरू केली की जसं काही झालंच नाही. गॅरेजमध्ये तर ती इतकी शहाण्यासारखी वागे, की सिस्टरच खोटी पडे. तीनदा काही ना काही बदलून झालं, तीनदा पैसे गेले.

चौथ्या वेळी फोरमनने हात टेकले आणि इंजिनच उतरवायचं म्हणाला. खर्च ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. गळक्या छपरासाठी साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं. पण गाडीशिवाय सकाळची नऊ घरं व्हायची कशी? मन घट्ट करून ती होकार द्यायला गेली.

काउंटरवर तक्रारी लिहून घ्यायला एक मावशी असत. गाडीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्या स्वतःच सांगत. त्यांनी चावी मागितली. सिस्टरने मुठीत न मावणारा जुडगा काढला, त्यातली गाडीची चावी सोडवून तेवढीच पुढे केली. मावशींचं लिहिणं थांबलं.

"बाकीच्या कसल्या?"

"पेशंटच्या घरांच्या. रोज सकाळी नऊ घरं असतात. उठून दार उघडता येत नाही त्यांना. विश्वासाने दिल्यात, इथे कशा सोडू?"

"आणि चालवताना?"

"तेव्हा सगळ्या एकत्रच लटकतात."

मावशींनी जुडगा हातावर तोलला, गाडीची चावी परत त्यात अडकवली आणि फोरमनला गेटजवळच्या गतिरोधकावरून चकरा मारायला धाडलं. तो कुरकुरत गेला. तिसऱ्या चकरेला गाडी गप्प झाली. चावीचं कुलूप झिजलेलं, त्यात हे ओझं खाली ओढणारं; धक्का बसला की चावी आपोआप मागे फिरून इंजिन बंद होत होतं. फोरमनने कपाळाला हात लावला. वर्षभर भलतंच उघडत बसलेल्या माणसाने दुसरं काय करावं! तासाभरात नवं कुलूप बसलं, इंजिनाला हातही लागला नाही.

सिस्टरला रडूच आलं. मावशींचे आभार कसे मानावेत तेच तिला सुचेना. मावशींना त्यात रस नव्हता. घरं नऊ, तर चाव्या सतरा कशा, एवढंच त्यांनी विचारलं.

आठ चाव्या गेलेल्या माणसांच्या होत्या. त्या काढायला सिस्टरचा हात धजला नव्हता.

पुढच्या महिन्यात तिने सात चाव्या परत केल्या. एका मुलीने आईची चावी कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवली, मग सिस्टरला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आठवं घर मात्र पाडलेलं होतं, मागे कुणीच नव्हतं. ती चावी घेऊन सिस्टर काउंटरवर आली.

"ही कुणाला देऊ, मावशी?"

मावशींनी चावी उलटसुलट करून पाहिली आणि तिच्याच हातात परत ठेवली. "राहू द्या. एकीच्या वजनाने गाडी बंद पडत नाही."

सिस्टरने ती पेशंटच्या जुडग्यात अडकवली, जुडगा खिशात टाकला आणि पहिल्या घराकडे गाडी काढली.