सरिता बोलता बोलता गप्प झाली

१४ जुलै, सोमवार, नांदेड.
बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज राहवलं नाही.

कॉलेजात विद्यार्थ्यांकडून नोकरीच्या मुलाखतींचा सराव करून घेत होते. उत्तर इंग्रजीतच हवं. मराठी शब्द आला की मी पेनानं टेबल वाजवते. नियम माझाच.

नायगावची सरिता तिचं ॲप समजावत होती. "मॅडम, नेट गेलं की डेटा उडून राहिला होता. मंग मी तो आधी फोनमधीच सेव्ह केला, नेट आलं की सिंक."

उत्तर अचूक होतं, तरी मी टेबल वाजवलं. ती अडखळली. पुन्हा वाजवलं. ती गप्पच झाली.

"काम येतंय मला, मॅडम. पण शुक्रवारच्या मुलाखतीला मी जात न्हाई."

"लई शहाणी! जा की गप," शेजारी बसलेली तिची मैत्रीण म्हणाली. सरिता हसली नाही.

मीही इकडचीच, मुरुडची. नोकरी लागल्यावर, लोक हसतील म्हणून, गावाकडचं 'हाव', 'न्हाई' मी स्वतःच गिळलं. आई गेल्यापासून घरात तसं बोलणारं कुणी नाही. आज इतक्या दिवसांनी ते कानावर आलं, आणि मी त्यालाच थांबवत होते. तिच्या भल्यासाठी, की माझ्या जुन्या भीतीपोटी? तुम्हाला काय वाटतं?

उद्याचं काम: मराठी-इंग्रजी मिसळून बोललेलं चालेल का, हे शुक्रवारी मुलाखत घेणाऱ्या कंपनीला फोन करून विचारणे. आजवर कधी विचारलंच नाही.